कथेकडे पाहण्याचे नय

गोष्ट संपली की तिचे तात्पर्य विचारण्याची रीत आपल्या समाजात फार जुनी आहे. पाठशाळेत धर्मकथा सांगून झाली की मुले एका सुरात तात्पर्य सांगतात आणि आठ-नऊ वर्षांच्या वयात ते योग्यही असते. कथेतून एक मूल्य मनात रुजावे, एवढीच त्या वयाची गरज असते. परंतु तेरा-चौदाव्या वर्षी मुलांचे मन बदलू लागते. ‘तो असे का वागला?’, ‘तिला कोणी विचारले होते का?’, ‘हे सांगणारा कोणाच्या बाजूने बोलतो आहे?’ असे प्रश्न त्यांना पडू लागतात. हे प्रश्न उद्धटपणाचे मानून मिटवून टाकले तर मूल गप्प बसते आणि परीक्षेपुरते ‘गाइड’ पाठ करते. तेच प्रश्न नीट हाती घेतले तर त्यातून साहित्यसमीक्षेचे शिक्षण सुरू होते.

समीक्षा म्हणजे दोष काढणे, असा एक गैरसमज रूढ आहे. वास्तविक ‘सम्यक् ईक्षा’ म्हणजे नीट पाहणे, हाच या शब्दाचा अर्थ. एखाद्या कलाकृतीकडे पाहण्याच्या निरनिराळ्या पद्धती विसाव्या शतकात विकसित झाल्या. कोणी केवळ कलाकृतीची शब्दरचना पाहतो, कोणी तिचा काळ पाहतो, कोणी तिच्यातील पैशाचे आणि सत्तेचे व्यवहार, कोणी स्त्रियांचे स्थान, कोणी पात्रांचे मन, तर कोणी वाचकाच्या मनात उमटणारा प्रतिसाद पाहतो. बराच काळ हे सारे विद्यापीठाच्या वर्गापुरते मर्यादित होते. शाळकरी मुलांनाही या दृष्टींचा उपयोग करता येतो, हे अमेरिकेतील प्राध्यापिका डेबोरा अॅपलमन यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वर्गातील अनुभवांच्या आधारे मांडले. त्यांनी या पद्धतींना भिंगांची उपमा दिली. भिंग बदलले की त्याच वस्तूचे वेगळे अंग स्पष्ट होते.

श्रेणिकाचे प्रश्न

जैन वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. विमलसूरींचे ‘पउमचरिय’ हे माहाराष्ट्री प्राकृतातील रामचरित. त्याच्या आरंभीच राजा श्रेणिक अस्वस्थ आहे. लोकांत प्रचलित असलेली रामकथा त्याने ऐकली आहे आणि तिच्याविषयी त्याच्या मनात शंका आहेत. बलाढ्य राक्षसांना वानरांनी कसे जिंकले? कुंभकर्ण सहा-सहा महिने झोपतो कसा? या शंका तो दाबून टाकत नाही. त्या घेऊन तो गौतम गणधरांकडे जातो आणि त्याला उत्तर म्हणून सारी कथा नव्याने सांगितली जाते. या कथेतील वानर हे पशू नसून विद्याधरांचा एक वंश आहेत, राक्षसही विद्याधरच आहेत आणि रावणाचा वध रामाच्या नव्हे, लक्ष्मणाच्या हातून होतो. प्रश्न विचारणारा श्रेणिक हा श्रद्धावान श्रोता आहे, हे येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे आठव्या शतकात हरिभद्रसूरींनी ‘धूर्ताख्यान’ रचले. त्यात धूर्त मंडळी एकमेकांना अचाट थापा सांगतात आणि त्या खऱ्या ठरवण्यासाठी पुराणांतील अद्भुत प्रसंगांचे दाखले देतात. कथेची तर्काने केलेली ही हसतखेळत चिकित्साच होय. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘काव्यानुशासन’ लिहिले. त्यांचे शिष्य रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी ‘नाट्यदर्पण’ या ग्रंथात रस हा सर्वस्वी सुखरूप नसून सुखदुःखात्मक असतो, असे प्रचलित मताहून वेगळे मत मांडले. साहित्याची चिकित्सा हा जैन विद्यापरंपरेचा मानाचा भाग होता, हे सांगण्यास एवढे पुरे आहे.

व्हेनिसचा व्यापारी

या दृष्टी प्रत्यक्षात कशा वापराव्यात, हे पाहण्यासाठी व्यापारी घरांतील मुलांना जवळचे वाटेल असे एक नाटक घेता येईल. शेक्सपिअरचे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ १६०० साली प्रथम छापले गेले. भारतातील आयसीएसई मंडळाच्या शाळांत हे नाटक अनेक वर्षे अभ्यासाला होते, त्यामुळे पुष्कळ घरांतून त्याची प्रत सापडेल. कथा थोडक्यात अशी. अँटोनिओ हा व्हेनिसचा व्यापारी. बॅसानिओ या मित्रासाठी तो शायलॉक या ज्यू सावकाराकडून तीन महिन्यांच्या मुदतीने तीन हजार डुकॅट घेतो. मुदतीत परतफेड झाली नाही तर अँटोनिओच्या शरीराचे एक पौंड मांस, असा रोखा लिहिला जातो. जहाजे बुडाल्याच्या वार्ता येतात, मुदत उलटते, शायलॉक मांस मागतो. पुरुषवेषात आलेली पोर्शिया न्यायसभेत सांगते की रोख्यात मांस लिहिले आहे, रक्त नाही. डाव उलटतो आणि शायलॉक सर्वस्व गमावतो.

तात्पर्य विचारले तर मुले सांगतील : लोभ वाईट, दया श्रेष्ठ. परीक्षेत त्याला गुणही मिळतील. परंतु नाटकात याहून पुष्कळ काही आहे आणि ते एकेका दृष्टीने उलगडत जाते.

पहिली दृष्टी शब्दांची. मुलांना प्रथम शीर्षकाविषयी विचारावे : हा व्यापारी कोण? पुष्कळ जण शायलॉकचे नाव घेतात, पण शीर्षकातील व्यापारी अँटोनिओ आहे. एवढ्याने मजकूर बारकाईने वाचण्याची गरज मुलांना पटते. मग शायलॉकच्या तोंडी पुन्हा पुन्हा येणारा ‘बाँड’ हा शब्द घ्यावा. इंग्रजीत त्याचा अर्थ कर्जरोखा असा आहे, तसाच माणसामाणसांतील बंध असाही आहे. ज्याचे सगळे बंध तुटत चालले आहेत तो माणूस रोख्याला घट्ट धरून बसतो, हे त्या एका शब्दावरून लक्षात येते. ज्यूलाही इतरांसारखेच डोळे, हात, भावना असतात, हे सांगणारे शायलॉकचे प्रसिद्ध भाषण वक्तृत्वाच्या कार्यक्रमांत मानवतेचा संदेश म्हणून म्हटले जाते. पण ते पूर्ण वाचले तर त्याचा शेवट सूडाच्या समर्थनात होतो. अर्धे भाषण वाचणाऱ्याच्या हाती अर्धाच शायलॉक लागतो.

दुसरी दृष्टी इतिहासाची. इंग्लंडमधून ज्यूंना १२९० मध्ये हद्दपार करण्यात आले होते. शेक्सपिअरच्या बहुतेक प्रेक्षकांनी उघडपणे आपला धर्म पाळणारा ज्यू कधी पाहिलेला नसणार. त्यांच्या मनात होती ती ऐकीव प्रतिमा. व्हेनिसमध्ये १५१६ पासून ज्यूंना ‘घेटो’ नावाच्या वेगळ्या वस्तीतच राहावे लागे आणि बहुतेक व्यवसाय त्यांना बंद होते. व्याजबट्टा हा मोकळ्या राहिलेल्या मोजक्या मार्गांपैकी एक होता. म्हणजे समाजाने ज्याला दुसरा धंदा करू दिला नाही, त्याच धंद्यासाठी त्याचा तिरस्कार केला. दुसरीकडे इंग्लंडमध्ये १५७१ च्या कायद्याने दहा टक्क्यांपर्यंतचे व्याज चालवून घेतले जात होते आणि जादा व्याज घेतल्याचा आरोप खुद्द शेक्सपिअरच्या वडिलांवर १५७० मध्ये झाला होता. व्याज केवळ ‘परकी’ माणसेच घेत, हे चित्र खरे नव्हते.

तिसरी दृष्टी अर्थव्यवहाराची. व्यापारी घरातील मुले येथे शिक्षकाच्याही पुढे जाऊ शकतील, कारण पत, तारण, मुदत, जोखीम हे शब्द ती घरी जेवणाच्या ताटावर ऐकत असतात. आपले सारे भांडवल एकाच वेळी समुद्रावर असताना अँटोनिओने मित्राच्या कर्जाला हमी द्यावी का? अँटोनिओ बिनव्याजी पैसे देतो, त्याने बाजारातील व्याजाचा दर पडतो आणि शायलॉकच्या रागाचे ते एक कारण आहे. मग हे वैर धर्माचे आहे की धंद्याचे? व्हेनिसच्या ड्यूकला रोखा रद्द करता येत नाही, कारण परदेशी व्यापाऱ्यांचा कायद्यावरचा विश्वास उडाला तर शहराचा व्यापारच बसेल. हे अँटोनिओ स्वतःच बोलून दाखवतो. न्यायसभेत शायलॉक आणखी एक बोचरा मुद्दा मांडतो : तुम्ही विकत घेतलेले गुलाम तुम्ही सोडून देता का? मग मी विकत घेतलेले मांस मी का सोडावे? सभेत या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही.

चौथी दृष्टी स्त्रीची. पोर्शिया विलक्षण बुद्धिमान आहे, पण तिचा विवाह मृत पित्याने घालून दिलेल्या सोन्याच्या, चांदीच्या आणि शिशाच्या पेटीवर ठरतो. न्यायसभेत बोलण्यासाठी तिला पुरुषाचा वेष घ्यावा लागतो. शायलॉकची मुलगी जेसिका बापाचे धन आणि दागिने घेऊन लोरेन्झोबरोबर पळून जाते. त्यात तिच्या आईची, लिआची, अंगठी असते. लग्नापूर्वी लिआने ती शायलॉकला दिली होती. ती अंगठी जेसिकाने एका माकडाच्या बदल्यात देऊन टाकली, ही बातमी ट्यूबल आणतो. शायलॉकला झालेले ते दुःख किमतीचे नाही, हे सराफाच्या घरातील मुलीला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. जेसिका मुक्त झाली की कृतघ्न ठरली, यावर मुला-मुलींचे एकमत होणार नाही आणि होऊही नये. याच दृष्टीने पोर्शियाचेही कौतुक थोडे आवरावे लागते. मोरोक्कोच्या राजपुत्राविषयी ती त्याच्या वर्णावरून तुच्छतेने बोलते. अन्याय सोसणारी व्यक्ती दुसऱ्यावर अन्याय करू शकते, हे किशोरवयात कळणे मोलाचे आहे.

पाचवी दृष्टी मनाची. नाटकाच्या पहिल्याच ओळींत अँटोनिओ उदास आहे आणि त्या उदासीचे कारण त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. शायलॉकने मांसाची अट थट्टेच्या सुरात घातली होती. ती थट्टा खऱ्या सूडात नेमकी कधी बदलली? मुलगी पळून गेल्यानंतर का? उत्तर मुलांनी प्रसंगांचा क्रम लावून शोधावे.

शेवटची दृष्टी वाचकाची. तेच शब्द वेगवेगळ्या काळात वेगळ्या रीतीने पोहोचतात. हेन्री आयर्व्हिंग या नटाने १८७९ मध्ये लंडनला शायलॉकला सहानुभूतीस पात्र, मानी पुरुष म्हणून उभे केले. १९४३ मध्ये नाझी सत्तेखालील व्हिएन्नात तेच नाटक ज्यूंविरुद्ध द्वेष पसरवण्यासाठी रंगभूमीवर आले. आणि जैन कुटुंबातील वाचक? दरवर्षी संवत्सरीला ज्या घरात लहानथोर हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, त्या घरातील मुलाच्या मनात न्यायसभेचा प्रसंग एक खास प्रश्न जागा करील. पोर्शिया दयेवर इतके सुंदर बोलते. पण पारडे फिरल्यावर शायलॉकला दया मिळते का? त्याचे प्राण वाचतात, मात्र संपत्तीवरचा हक्क जातो आणि स्वतःचा धर्म सोडण्याची सक्ती होते. सक्तीने धर्म बदलायला लावणे हीच ज्यांना दया वाटते, त्यांची दया कोणती? हा प्रश्न गाइडमध्ये सापडत नाही.

सावकाराची प्रतिमा

हे नाटक दूर इटलीतले असले तरी त्यातील प्रतिमा दूरची नाही. महाराष्ट्रातील व्यापारी घरांतील मुले मराठी-हिंदी कथांतून आणि चित्रपटांतून वही काखोटीला मारलेला, कपटी हसणारा सावकार पाहतच मोठी होतात. १९५७ च्या ‘मदर इंडिया’मधील सुखीलाला हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. असे पात्र पाहून किशोरवयीन मूल दोन टोकांपैकी एकाकडे झुकते. एक तर त्याला आपल्या कुळाच्या धंद्याची लाज वाटू लागते, नाही तर ‘हे सगळे आपल्याविरुद्ध रचलेले आहे’ म्हणून ते पुस्तकच मिटते. समीक्षेचे शिक्षण त्याला या दोन्हींतून बाहेर काढते.

उदाहरणार्थ, १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावांत पसरला. त्याचा रोख प्रामुख्याने मारवाडी व गुजर सावकारांवर होता. त्यांत जैनही होते. जमावाने मुख्यतः कर्जरोखे आणि दस्तऐवज ताब्यात घेऊन जाळले. माणसांवरचे हल्ले त्या मानाने कमी होते. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यातला मजकूर आपल्याला वाचता येत नाही, त्या कागदाची भीती काय असते, हे त्या होळीवरून समजते. त्याचबरोबर अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, वाढलेले कापसाचे भाव युद्धानंतर कोसळले होते आणि सरकारने शेतसारा वाढवला होता, हेही खरे. सारा रोखीत भरण्यासाठी शेतकरी सावकाराच्या दारी येई आणि सरकारची वसुली सावकाराच्या तिजोरीतून होई. लोकांचा राग मात्र समोर दिसणाऱ्या माणसावर निघाला. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. हा इतिहास जाणणारा मुलगा पडद्यावरचा सावकार पाहताना ‘हे खोटे आहे’ एवढेच म्हणणार नाही. यात किती खरे आहे, काय गाळले आहे आणि कोणाचे नाव घेतलेलेच नाही, असे तो विचारील. त्यात आपल्या पूर्वजांच्या वह्यांविषयीचे प्रश्नही आले.

सगळेच बरोबर नव्हे

इतक्या दृष्टी आहेत म्हटल्यावर ‘मग ज्याला जे वाटेल ते बरोबर’ असा निष्कर्ष मुले चटकन काढतात. अनेकान्ताविषयीही हाच गैरसमज पुष्कळदा आढळतो. अनेकान्त म्हणजे मताविषयीची बेपर्वाई नव्हे. कोणतेही विधान कोणत्या अपेक्षेने केले आहे, द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव यांपैकी कशाच्या संदर्भात ते खरे आहे, हे सांगण्याची जबाबदारी त्यात आहे. ‘शायलॉक क्रूर आहे’ हे न्यायसभेत सुरी परजणाऱ्या शायलॉकविषयी खरे आहे. ‘शायलॉक पीडित आहे’ हे भर बाजारात अँटोनिओ ज्याच्यावर थुंकला त्या शायलॉकविषयी खरे आहे. पण ‘शायलॉकने पैसे बुडू नयेत म्हणून मांस मागितले’ हे कोणत्याही अपेक्षेने खरे नाही, कारण तिप्पट रक्कम देऊ केली असता त्याने ती नाकारली, असे नाटकातच आहे. मजकुराचा पुरावा ज्याच्यामागे नाही तो नय नव्हे, ती केवळ लहर.

सिद्धसेन दिवाकरांनी ‘सन्मतितर्क’ या प्राकृत ग्रंथात यासाठी जो दृष्टान्त दिला आहे, तो जवाहिऱ्यांच्या घरात सहज उमगेल. वैडूर्यासारखी मौल्यवान रत्ने सुटी असतील तर कितीही किमती असली तरी त्यांना रत्नावली हे नाव मिळत नाही. योग्य जागी एका सूत्रात ओवली की मिळते. नयांचेही तसेच. प्रत्येक नय आपल्यापुरता अडून बसला तर तो मिथ्या होतो, परस्परांची अपेक्षा राखली तर सम्यक्. जो समीक्षक नाटकात केवळ पैसा पाहतो आणि लिआच्या अंगठीकडे पाहतच नाही, त्याचेही तसेच होते.

हीच नजर आपल्या धर्मकथांकडेही वळवता आली पाहिजे, अन्यथा ते शिक्षण अर्धवट राहील. चंदनबालेची कथा घरोघरी सांगितली जाते. राजकन्या वसुमती कौशांबीच्या बाजारात विकली जाते आणि एक श्रेष्ठी तिला घरी आणतो. श्वेतांबर परंपरेत त्या श्रेष्ठीच्या पत्नीचे नाव मूला. ती मत्सराने चंदनेला बेड्या घालून कोंडते आणि शेवटी चंदनेच्या हातच्या उडदाच्या बाकळ्यांनी भगवान महावीरांच्या दीर्घ अभिग्रहाचे पारणे होते. तात्पर्य तर उज्ज्वल आहेच. पण माणसे विकली जात तो बाजार कसा होता, तेथे खरेदी करणारे कोण होते, मूलेच्या मनातील भीती कोणती होती, आणि पुढे हीच विकली गेलेली मुलगी छत्तीस हजार साध्वींच्या संघाची प्रमुख होते याचा त्या काळातील स्त्रियांच्या दृष्टीने काय अर्थ होता, हे प्रश्न विचारल्याने कथेचे तेज कमी होत नाही. उलट बेड्यांतील त्या दानाचे मोल अधिक खोल जाणवते.

घरी आणि पाठशाळेत

यासाठी मोठ्या तयारीची गरज नाही. काही गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात.

सुरुवात दोन-तीन पानांच्या कथेने किंवा छोट्या कवितेने करावी. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता वाचायला देत आणि त्यावरची त्यांची मते मागवीत. त्या प्रयोगावरील त्यांचा ग्रंथ १९२९ मध्ये आला. नाव झाकले की मोठेपणाचे दडपण जाते आणि मूल खरोखर शब्दांकडे पाहते. घरीही हे सहज करता येईल.

समीक्षापद्धतींची जड नावे आधी सांगू नयेत, प्रश्न आधी द्यावेत. कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो? हे केव्हा आणि कोणासाठी लिहिले? पैसा आणि अधिकार कोणाच्या हाती आहे? घरातील स्त्री काय म्हणते, आणि काय म्हणू शकत नाही? पात्राला खरोखर काय हवे आहे? वाचताना मन कोठे थांबले? चार-पाच मुलांत एकेक प्रश्न वाटून द्यावा आणि प्रत्येकाने आपल्या उत्तरासोबत मजकुरातील जागा दाखवावी. पुढच्या खेपेला प्रश्न अदलाबदल करावेत. ज्याने शायलॉकचा निषेध केला त्याने त्याची बाजू मांडावी. पद्धतीचे नाव नंतर कळले तरी चालते, कारण तोवर ती पद्धत हातात बसलेली असते.

मोठ्या माणसांनी आपले मत शेवटी सांगावे. आजोबांनी किंवा महाराजसाहेबांनी आधीच निर्णय दिला तर आदरापोटी मुले बोलणारच नाहीत. मुलाने न पटणारे मत मांडले तर ‘असे बोलू नये’ म्हणण्याऐवजी ‘हे कोठे लिहिले आहे ते दाखव’ म्हणावे. हे वाक्य पेढीवर रोज वापरले जाते. माल दाखवल्याशिवाय भाव ठरत नाही आणि वहीत नोंद असल्याशिवाय रक्कम मान्य होत नाही.

या मुलांपैकी पुष्कळ जण पुढे दुकानात, कारखान्यात किंवा हिशेबाच्या कामात जातील. साहित्याचे अध्यापक थोडेच होतील. तरीही करार वाचताना त्यात काय लिहिलेले नाही हे पाहणे, समोरच्याच्या रागामागचे कारण शोधणे, आपल्या समाजाविषयीची टीका न चिडता आणि न खचता तपासणे, यांची गरज त्यांना रोज पडणार आहे. येत्या सुट्टीत एखाद्या संध्याकाळी घरातील मोठ्यांनी आणि मुलांनी मिळून एक कथा वाचावी आणि तात्पर्य विचारण्याआधी सर्वांनी आपापला एक प्रश्न मांडावा. सुरुवातीला एवढेच पुरेसे आहे.